आतली कडी : शाळा व्यवस्थापन समित्यांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
शाळा व्यवस्थापन समिती,
महाराष्ट्रातील जिल्हा परिषद, नगरपालिका व महानगरपालिकांच्या शाळा

विषय : मुलींची पाळी, शाळेचे स्वच्छतागृह आणि हजेरीपट



मुलीला पहिली पाळी साधारण बाराव्या-तेराव्या वर्षी येते, म्हणजे ती सहावी, सातवी किंवा आठवीत असताना. कुणाला ती दहाव्या वर्षीच येते, कुणाला पंधरावे उजाडते. हा मोठ्या मुलींचा, म्हणजे हायस्कूलचा प्रश्न आहे अशी समजूत प्राथमिक शाळांत सर्रास आढळते. ती चुकीची आहे. जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत असो की आठवीपर्यंत, तिथल्या वरच्या वर्गांतल्या बऱ्याच मुलींची पाळी त्याच शाळेत, त्याच बाकावर सुरू होते.

पाळीला घरोघरी वेगळी नावे आहेत. कुठे अडचण, कुठे बाहेरची बसणे, कुठे कावळा शिवणे. शहरातल्या मुली 'डेट' म्हणतात. रजेच्या चिठ्ठीवर मात्र एकच नाव असते : पोटदुखी. हजेरीपट नीट वाचणाऱ्या शिक्षिकेला महिन्याच्या अंतराने येणारे हे लागोपाठचे दोन खाडे ओळखता येतात. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीचे शालेय वर्ष २२० दिवसांचे ठरवले आहे. महिन्याला दोन दिवस धरले तर दहा महिन्यांत वीस दिवस जातात, म्हणजे वर्षाचा जवळजवळ अकरावा हिस्सा. गणितात अपूर्णांकांचा पाठ त्या दोन दिवसांत झाला असेल तर पुढचे गुणोत्तर आणि शेकडेवारीही अडखळत शिकावी लागते.

खाडा मोजता येतो. हजर राहून बुडालेला दिवस मोजता येत नाही, आणि असे दिवस खाड्यांहून जास्त असावेत. त्यातला एक जवळून पाहावा. शाळा साडेदहाची. वस्तीवरून यायचे तर नऊ-सव्वानऊलाच निघावे लागते. सकाळी घेतलेली कापडाची घडी किंवा पॅड संध्याकाळी घरी परतल्यावरच बदलायचे, असे ठरवूनच मुलगी निघते. हे किमान आठ तास होतात. पॅड चार ते सहा तासांनी बदलावे, पहिल्या दोन दिवसांत त्याहून लवकर, असे डॉक्टर सांगतात. दुपारनंतर तिचे लक्ष फळ्यावरून उडून बाकावर खिळते. गणवेशात पांढरी सलवार असेल तर धास्ती आणखी वाढते. बाईंनी फळ्यापाशी बोलावले तर उत्तर येत असूनही ती 'येत नाही' म्हणते, कारण उठायचे नसते. मधल्या सुट्टीत खिचडी खाते, पण पाणी पीत नाही. प्यायले तर जावे लागेल. खेळाच्या तासाला सगळ्यांची दप्तरे सांभाळत वर्गात बसते. शाळा सुटली की सर्वांत शेवटी उठते. मैत्रीण तिच्या मागून चालते आणि फाटकापर्यंत खुणेने सांगत राहते, डाग नाही म्हणून.

हजेरीपटावर त्या दिवशी ती हजर असते.

या विषयावर बोलताना मोठे आकडे फेकण्याची सवय लागली आहे आणि तिने विषयाचे नुकसानच केले आहे. 'पाळीमुळे देशात दरवर्षी २.३ कोटी मुली शाळा सोडतात' हे वाक्य भाषणांत, जाहिरातींत, प्रकल्पांच्या अर्जांत पुन्हा पुन्हा भेटते. साधा हिशेब केला तरी ते कोसळते. भारतात एका वयाच्या सगळ्या मुली मिळून सव्वा कोटीच्या आतच भरतात. त्यात शाळेत न गेलेल्याही आल्या. दरवर्षी जवळजवळ दोन पूर्ण इयत्तांच्या मुली एकाच कारणाने शाळा सोडत असत्या, तर दहावीच्या वर्गात मुलगी दिसलीच नसती.

विश्वासार्ह माहिती याहून कमी भडक आहे आणि जास्त उपयोगाची. भारतातल्या १३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये 'बीएमजे ओपन' या वैद्यकीय नियतकालिकात आला. पाळीच्या दिवसांत शाळा बुडवत असल्याचे सुमारे एक चतुर्थांश मुलींनी सांगितले होते. पहिली पाळी येण्याआधी ती काय असते हे निम्म्याहून किंचित कमी मुलींनाच माहीत होते. याच्या उलट बाजूचाही एक पुरावा आहे आणि तो झाकून ठेवण्यासारखा नाही. नेपाळच्या चितवन जिल्ह्यात एमिली ऑस्टर आणि रेबेका थॉर्नटन या अर्थशास्त्रज्ञांनी सुमारे २०० मुलींपैकी काहींना मासिक पाळीचे कप दिले आणि हजेरी तपासली. १८० दिवसांच्या वर्षात पाळीमुळे बुडालेली शाळा सरासरी अर्ध्या दिवसाहूनही कमी निघाली आणि कप मिळाल्याने हजेरीत फरक पडला नाही. मुलींना कप आवडले, धुण्याचा त्रास वाचला. पण शाळेचा हिशेब होता तसाच राहिला. हा निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. एका जिल्ह्यावरून सगळीकडचे ठरवता येत नाही हे खरे, पण नुसती वस्तू हातात देऊन प्रश्न सुटतो हा समज त्याने डळमळीत केला.

भारतातला एक अभ्यास समित्यांनी ध्यानात ठेवावा असा आहे. २००० नंतरच्या वर्षांत देशभर शाळांतून शौचालये बांधली गेली. संशोधक अंजली अदुकिया यांनी त्याआधीची आणि नंतरची पटसंख्या ताडून पाहिली. लहान मुलामुलींचा पट कोणतेही शौचालय आले तरी वाढला. वयात येणाऱ्या मुलींचा पट मात्र मुख्यतः तिथे वाढला, जिथे मुलींचे शौचालय वेगळे होते. आडोसा आणि सुरक्षितता यांमुळे हा फरक पडला. परीक्षेतले गुण त्यामुळे वाढले नाहीत, हेही त्याच अभ्यासात नोंदले आहे. शौचालय बांधून इंग्रजी सुधारत नाही. मुलगी शाळेत टिकते, एवढे त्यातून होते, आणि शिकणे त्यापुढची गोष्ट.

म्हणून या पत्राचा भर पॅडपेक्षा त्या चार भिंतींवर आहे.

कागदावर त्या भिंती जवळजवळ सर्वत्र उभ्या आहेत. देशातल्या ९७.५ टक्के शाळांत मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे असल्याचे केंद्र सरकारने २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीतले लोक त्याच वर्षी ग्रामीण सरकारी शाळांत प्रत्यक्ष गेले आणि स्वच्छतागृहाचे दार ढकलून पाहिले, तेव्हा मुलींचे वापरण्याजोगे स्वच्छतागृह ७२ टक्के शाळांत सापडले. दोन्ही आकड्यांतल्या शाळा अगदी त्याच नाहीत, तरी मधली दरी त्याने बुजत नाही. केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांनी शाळांत बांधलेल्या शौचालयांची महालेखापरीक्षकांनी तपासणी केली होती. तो अहवाल २०२० मध्ये संसदेपुढे आला. पाहणीतल्या ७२ टक्के शौचालयांत आत वाहते पाणी नव्हते, ५५ टक्क्यांत हात धुण्याची सोय नव्हती आणि काही शौचालये तर जागेवरच सापडली नाहीत.

'आहे' आणि 'वापरता येते' यांतले अंतर फार छोट्या गोष्टींचे असते. पहिली गोष्ट दाराची आतली कडी. ती निखळलेली असते, किंवा चौकट फुगल्याने कोयंड्यात बसत नाही. मग एक मुलगी आत आणि दुसरी बाहेर दार ओढून धरून उभी, असे जोडीने जावे लागते. लघवीपुरते हे चालून जाते. पॅड बदलायला वेळ लागतो, दोन्ही हात लागतात आणि मनाची शांतता लागते. दुसरी गोष्ट पाणी. टाकी छतावर असते, मोटार असते, पण वीजबिल थकल्याने जोडणी तोडलेली असते. मग हापशावरून बादली भरून सगळ्या मैदानासमोरून न्यायची, आणि मुलगी बादली घेऊन निघाली की सातवीतल्या पोरांना लगेच कळते. तिसरी गोष्ट एक खुंटी. सलवार, ओढणी, नवे पॅड ठेवायला कोरडी जागा नसेल तर सगळे दातांत धरावे लागते. खुंटी आराखड्यात नसते, कारण आराखडा करणाऱ्याला तिची गरज कधी पडलेली नसते. चौथी गोष्ट झाकणाचा डबा. तो नसला की वापरलेले पॅड भांड्यात टाकले जाते, भांडे तुंबते आणि स्वच्छतागृहाला कुलूप लागते. दोष मुलींच्या वाट्याला येतो.

कुलपाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. शाळा सुटल्यावर गावातली टोळकी येऊन नळ तोडतात, भांडी फोडतात, म्हणून मुख्याध्यापक कुलूप लावतात. हे कारण खोटे नाही. पण किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात असते आणि मुख्याध्यापक बहुधा पुरुष असतात. बारा वर्षांच्या मुलीने कार्यालयात जाऊन, दोन गुरुजींच्या देखत किल्ली मागायची अशी ती व्यवस्था आहे. मुलगी किल्ली मागत नाही, घरी जाते. काही शाळांत दोनपैकी चांगले स्वच्छतागृह 'स्टाफसाठी' राखलेले असते, आणि पाहणीला अधिकारी आले की तेच दाखवतात.

सफाईचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला शिपाईच नसतो, तिथे सफाई कामगार कुठून असणार. मग आळीपाळीने मुलांकडून सफाई करून घेतली जाते, आणि हे काम पुष्कळदा मुलींवर किंवा ठरावीक वस्तीतल्या मुलांवर येते. समितीने हे डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे. जातीची आणि बाईपणाची जुनी वाटणी शाळेच्या आवारात नव्याने शिकवली जाण्याची ही नेमकी जागा आहे.

पॅडचा मुद्दा आता थोडक्यात. केंद्राने २०११ मध्ये ग्रामीण किशोरींसाठी सहा पॅडचे पाकीट ६ रुपयांना आशाताईंमार्फत द्यायला सुरुवात केली. महाराष्ट्राने २०१८ च्या महिला दिनी 'अस्मिता' योजना आणली. तीत जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना आठ पॅडचे पाकीट ५ रुपयांत, बचत गटांमार्फत मिळत असे. जनऔषधी केंद्रात २०१९ पासून पॅड १ रुपयाला मिळते. किंमत उतरली, वापर वाढला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते २४ वयाच्या, पाळीत स्वच्छ साधन वापरणाऱ्या तरुणींचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ५८ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ७८ टक्क्यांवर गेले. पण पाकिटाचा हिशेब योजना आखणाऱ्यांनी घरात विचारला असता तर बरे झाले असते. पाच दिवस, दिवसाला तीन-चार पॅड, म्हणजे एका पाळीला पंधरा ते वीस. सहा-आठ पॅडचे पाकीट दोन दिवस पुरते. उरलेल्या दिवसांत कापडच येते. त्याच पाहणीत निम्म्या तरुणींनी कापडही वापरत असल्याचे सांगितले आहे.

कापडाला नाक मुरडण्याचे कारण नाही. स्वच्छ सुती कापड साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवले तर ते चांगले साधन आहे, आणि त्याचा कचराही होत नाही. अडचण उन्हाची आहे. दोरीवर सगळ्यांच्या देखत ते वाळत घालायचे नाही म्हणून ते परकराखाली, पत्र्यामागे, गोठ्यातल्या खुंटीवर दमट राहते. कोकणात चार महिने पावसाचे. तिथे उघड्यावरही काही वाळत नाही. ओलसर कापडाने जांघा सोलवटतात, खाज सुटते, आणि चार किलोमीटर चालून येणारी मुलगी तिसऱ्या दिवशी घरी बसते.

पॅड वापरले की ते टाकायचे कुठे, याचे उत्तर योजनेत नसते. बाजारातल्या पॅडचा मोठा भाग प्लास्टिक आणि द्रव शोषणारी रसायने यांचा असतो. ते कुजत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी पॅड गुंडाळायची पिशवी उत्पादकांनीच द्यावी असे सांगितले. पुण्यात 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक महिलांनी उघडी पॅड हाताने वेगळी करावी लागतात म्हणून ती कंपन्यांना परत पाठवण्याची मोहीम केली, आणि पुढे कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढण्याची पद्धत रुजवायचा प्रयत्न केला. खेड्यातल्या शाळेला घंटागाडी नाही. तिथे बरेचदा देणगीतून आलेले विजेचे भस्मक यंत्र भिंतीवर असते. पॅडमधले प्लास्टिक नीट जळायला ८०० अंश सेल्सिअसच्या वरचे तापमान लागते. छोटी यंत्रे तिथवर पोचत नाहीत. धूर वर्गात येतो, आणि वीज नसेल तर यंत्राचा उपयोग खुंटीसारखा होतो. आवाराच्या कडेला, पाण्याच्या स्रोतापासून दूर, झाकण असलेला पक्का खोल खड्डा आणि स्वच्छतागृहात जुन्या वर्तमानपत्राचा गठ्ठा ही दिसायला गरीब सोय बहुतेक गावांना जास्त पेलते.

आता बोलण्याविषयी. राज्याच्या अभ्यासक्रमात मासिक चक्र दहावीच्या विज्ञानात येते, आकृतीसह आणि हार्मोनांच्या नावांसह. तोवर वर्गातल्या बहुतेक मुलींची पाळी येऊन दोन-तीन वर्षे झालेली असतात. पहिल्या वेळी रक्त पाहून मुलीला जखम झाली, रोग झाला, आपल्या हातून काही चुकले असे वाटते, आणि त्या दिवसाची भीती पुढे वर्षानुवर्षे शाळेशी चिकटून राहते. एक तास पुरतो, मात्र तो पाचवीत व्हायला हवा. मुलांनाही बसवायला हवे. चिडवणे थांबते ते त्यांना माहिती झाल्यावर. शाळेत शिक्षिका नसेल तर आशाताई किंवा परिचारिका येऊ शकतात, आणि समजूतदार गुरुजीही हे काम करू शकतात. पाळीची शिवताशिवत मात्र घराघरांत वेगवेगळ्या रूपाने टिकून आहे. गडचिरोलीच्या माडिया-गोंड गावांत पाळीच्या दिवसांत बायका-मुलींनी गावाच्या कडेच्या कुर्माघरात राहायची रीत आहे. संत सोयराबाईंनी विटाळावर सातशे वर्षांपूर्वीच नेमके बोट ठेवले होते, तरी हळदीकुंकवाच्या दिवशी 'बाजूला' बसवलेली मुलगी शहरातल्या फ्लॅटमध्येही सापडते. समिती घरांत शिरू शकत नाही. परिपाठाला, सरस्वतीपूजनाला, स्नेहसंमेलनातल्या दीपप्रज्वलनाला कुणा मुलीला मागे राहावे लागत नाही ना, एवढे पाहणे मात्र समितीच्या हातात आहे.

जाता जाता एक गंमत. मासिक पाळी स्वच्छता दिन जगभर २८ मे रोजी पाळतात. महाराष्ट्रातल्या शाळांना तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी असते.

चिठ्ठीवरची पोटदुखी पुष्कळदा खरीच असते, हे शेवटी आठवायला हवे. पाळीत गर्भाशय आकुंचन पावते आणि काही मुलींना त्याने उलट्या होईपर्यंत दुखते. 'सगळ्यांनाच होते' या एका वाक्यावर त्यांना वाटेला लावले जाते. शाळेत पडायला एक सतरंजी, शेकायला गरम पाण्याची पिशवी आणि दर महिन्याला वर्ग बुडण्याइतके दुखत असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवण्याची पद्धत असावी. १५ ते १९ वयाच्या भारतीय मुलींपैकी ५९ टक्क्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी शाळेत पोचते. ती पोटात जाते की खिडकीबाहेर, हेही पाहावे.

हे सगळे समितीलाच का सांगायचे, तर कायद्याने ते समितीचे काम आहे म्हणून. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असतात. शाळा विकास आराखडा समिती करते, अनुदानाच्या खर्चावर लक्षही तीच ठेवते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये शाळकरी मुलींच्या पाळीविषयी देशभर एकच धोरण आखण्याचे आदेश दिले. त्या धोरणाची कडी दिल्लीहून कुणी येऊन बसवणार नाही. समग्र शिक्षा योजनेच्या निकषांनुसार ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५ हजारांचे संयुक्त अनुदान मिळते आणि त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्चायचे असतात. म्हणजे अडीच हजार, महिन्याला जेमतेम दोनशे. एवढ्यात सफाई कामगार येत नाही, पण कडी, खुंटी, डबा, बादली आणि साबण नक्की येतात. त्यापुढचे ग्रामपंचायतीकडे मागावे. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या निधीचा ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला, आणि ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के हिस्सा महिला व बालकल्याणावर खर्च करावा लागतो. हा हिस्सा बहुधा शिलाई यंत्रांवर नाही तर सतरंज्यांवर जातो. शाळेचे थकलेले वीजबिल आणि अर्धवेळ सफाई कामगाराचे मानधन ग्रामसभेत ठरावाने मागता येते. मागणी लेखी असावी आणि ठराव क्रमांकासह इतिवृत्तात उतरावा.

समितीची सभा दरमहा होते. पुढच्या सभेत अहवालाचे वाचन सुरू होण्याआधी महिला सदस्यांनी मुलींच्या स्वच्छतागृहात जावे, दार ओढून घ्यावे आणि आतून कडी लागते का ते स्वतः पाहावे. लागत नसेल तर त्या दिवशीचा पहिला ठराव तोच.

कळावे,
शाळेत जाणाऱ्या मुलींच्या वतीने